बाजूचं तू बघ

“डावीकडे खड्डा.”

“किती मोठा?”

“तव्याएवढा.”

ह्यांनी स्टिअरिंग अलगद उजवीकडे घेतलं. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी गाडी वळली.

“उजवीकडे?”

“सायकलवाला. लांब आहे अजून.”

“मग?”

“मग काय मग? मोकळं आहे.”

कराड सोडल्यापासून आमचं हेच चाललं होतं. मी शेजारी बसून ओरडायचं आणि ह्यांनी गाडी हाकायची. हे, म्हणजे माझे यजमान भूपाल मगदूम. बांधकाम खात्यात डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी रस्ते बांधण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरचा सगळा जीव त्याच रस्त्यांपासून एक गाडी वाचवण्यात गुंतला होता.

गाडी म्हणजे फियाट. पाठीवर फुगीर, नाकाकडे उतरती, तिला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे. हे मात्र तिला तसं म्हणू द्यायचे नाहीत. एका डॉक्टरांच्या गोठ्यात कडब्याखाली सापडली होती ती ह्यांना. तिचे पत्रे ठोकून घेण्यात, रंगात आणि मुंबईहून सुटे भाग मिळवण्यात माझ्या संसाराची कितीतरी वर्षं गेली. शेवटी ती तयार झाली तेव्हा साईच्या रंगाची, पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडणारी अशी एक देखणी वस्तू आमच्या दारात उभी राहिली, आणि घरात सवत आल्यासारखं मला वाटलं.

तिला नुसती शोभेला ठेवायची नव्हती. “न चालवलेली गाडी लवकर मरते,” हे म्हणायचे. “ऑइल खाली बसतं, रबर कडक होतं, ब्रेक चिकटतात. ती चालवायचीच. फक्त जपून.” त्या जपण्याला अंत नव्हता. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटला लागू नये म्हणून शिंप्याकडून जाड कापडाचा बुरखा शिवून घेतला होता, आतून मखमल लावून. चाकांमागे रबरी पट्टे लोंबत होते. पाऊस लागला की घरी आल्या आल्या गाडीखाली पाइप धरून चिखल धुवायचा, पत्र्याला गंज चढू नये म्हणून. एवढं करूनही कुठे टवका उडालाच, तर काडीच्या टोकाने त्यात रंगाचा थेंब सोडायचा आणि फुंकर मारत बसायचं.

आणि गेल्या दोनेक वर्षांत त्यात हे माझं ओरडणं. “रत्ना, बाजूचं तू बघ, मी समोरचं बघतो,” असं एकदा म्हणाले. “समोरच्या गाडीचा खडा कधी उडेल सांगता येत नाही. माझी नजर तिथून हलायला नको.” मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आजवर मला गाडीच्या पुसण्याला हात लावू न देणाऱ्या माणसाने काहीतरी काम दिलं, याचंच बरं वाटलं होतं.

त्या दिवशी आम्ही मिरजेला निघालो होतो. ह्यांच्या थोरल्या भावाची, बाळगोंडादादांची, एकुलती एक मुलगी रुचिरा, तिचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. पोरगी लहानपणापासून या गाडीच्या मागच्या सीटवर उड्या मारलेली. साखरपुडा झाला तेव्हाच तिने जाहीर केलं होतं, की सासरी जाणार ती काकांच्या फियाटमधून, आणि गाडी काकाच चालवणार. सासर जयसिंगपूरला, म्हणजे मिरजेहून हाकेच्या अंतरावर. हे त्या दिवसापासून हवेत होते.

मी मात्र सकाळपासून बेचैन होते. काय खुपतंय ते मला सांगता येत नव्हतं. हायवेने जाऊ या म्हटलं तर हे नको म्हणाले. तिथे ट्रक फार, खडे उडतात. म्हणून हा तासगावचा आतला रस्ता. बरं, पहाटे निघू या, ऊन व्हायच्या आत पोचू, म्हटलं, तर तेही नको. चांगला उजेड झाल्यावर निघायचं आणि अंधार पडायच्या आत पोचायचं. घरातून निघताना ह्यांचा पाय अंगणातल्या बादलीवर आपटला आणि सगळं पाणी लवंडलं. बादली रोज तिथेच असते.

“लक्ष कुठे आहे तुमचं?”

“गाडीत,” हे हसून म्हणाले. ते खरंही वाटलं मला.

पलूसच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्याने ह्यांच्या कोपराशी ग्लास ठेवला आणि ह्यांनी पेपर उलटताना तो पाडला. पेपर मात्र चष्मा न लावता वाचत होते, बारीक टाइपातल्या जाहिरातीसुद्धा. तेवढ्यात उसाचे दोन ट्रॅक्टर घुंगरं वाजवत पुढे गेले.

“चला आता,” मी म्हटलं.

“जाऊ दे त्यांना लांब.”

“अहो, ट्रॅक्टर तो. त्याच्या चाकातून काय दगड उडणार?”

“उसाची कांडी पडते. तिच्यावरून चाक गेलं की ती फटकन उडते.”

“मग काचेच्या कपाटात ठेवा ना हिला. तिकडे दादांकडे सगळे खोळंबलेत. मला हळदीच्या आधी पोचायचंय. तुमच्या या गाडीपायी मी आयुष्यात एका कार्याला वेळेवर गेले नाही.”

ह्यांनी पेपरची घडी घातली. एरवी भांडले असते. त्या दिवशी नुसतं म्हणाले, “पोचवतो तुला.” आणि उठताना टपरीच्या बांबूला खांदा घासून गेले.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. एक वळण होतं, दोन्हीकडे द्राक्षाच्या बागा. वळण संपता संपता डाव्या अर्ध्या रस्त्यावर नवं डांबर आणि त्यावर सुटी खडी पसरलेली. खडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बाई हातात लाल निशाण घेऊन उभी होती. उजवीकडनं जा, म्हणून ती निशाण हलवत होती.

“अहो, उजवीकडनं घ्या. काम चाललंय.”

ह्यांची नजर लांब, वळणापुढच्या रस्त्यावर होती; गाडी त्यांनी उजवीकडे घेतली नाही. खडीचा एक कण पाहिला तरी गाडी थांबवणारा हा माणूस, तो सरळ त्या खडीकडे निघाला होता.

“अहो, ती बाई!”

“कोण बाई?”

“निशाणवाली! डावीकडे!”

“कुठे?”

तो शब्द अजून माझ्या कानात आहे. भरउन्हात, दहा हातांवर, तांबडं निशाण हलवणारी बाई, आणि हे मला विचारत होते, कुठे.

मी किंचाळले. ह्यांनी ब्रेक दाबला, चाकं सुट्या खडीवर सरकली, खालून पत्र्यावर गोटे कडाकडा आपटले. बाईने मागे उडी मारली आणि ती खडीच्या ढिगावर पडली. गाडी तिच्यापासून वावभर अंतरावर डांबरात रुतून थांबली.

मी दार उघडून धावले. हेही उतरले. एवढ्या घाईतही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. ह्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाई उठून बसली होती. कोपर सोलवटलं होतं, हाताला डांबर लागलं होतं, पण हाडाला काही नव्हतं. बाकीचे मजूर गोळा झाले. बाईने तोंड उघडलं ते ह्यांच्यावरच.

“डोळं फुटलं व्हय रं तुजं? एवढं तांबडं निशाण हाय हातात, दिसंना व्हय?”

हे तिच्यासमोर हात जोडून उभे होते. “हो, बाई,” म्हणाले. “फुटलेत.”

“चेष्टा करतोस?”

“चेष्टा नाही. मला बाजूचं दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं. तुम्ही मला दिसलाच नाहीत.”

बाईने ह्यांच्याकडनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता, नवल होतं.

“आन् मग गाडी कशाला दिलीस गं त्येच्या हातात?”

मी गाडीतला पाण्याचा कॅन आणला, तिचं कोपर धुतलं, पदर फाडायला निघाले तर तिने तिची चिंधी पुढे केली. सायव्वा नाव तिचं, जतकडची. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर नको म्हणाली. मजुरांनी गाडी ढकलून उजव्या बाजूच्या कोरड्या रस्त्यावर आणली. मी तिचे हात धरून पुन्हा पुन्हा माफी मागितली. हे लांब बाभळीखाली जाऊन बसले होते.

मी जाऊन समोर उभी राहिले.

“कधीपासून?”

“दोन पावसाळे झाले. काचबिंदू म्हणतात. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. पेन्शनच्या कामाला म्हणून जायचो ना, तेव्हा.”

“औषध?”

“थेंब आहेत. रोज संध्याकाळी घालतो.”

“मी कधी पाहिले नाहीत.”

“गॅरेजमध्ये असतात. पॉलिशच्या डब्यांमागे.”

रोज संध्याकाळी हे गाडी झाकायला म्हणून गॅरेजमध्ये जायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. मी मैत्रिणींमध्ये थट्टेने सांगायचे, आमचे हे गाडीला अंगाई गाऊन निजवतात. तिथे अंधारात हे एकटे मान वर करून डोळ्यांत थेंब घालत होते.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस.”

“घेतलीच असती!”

“म्हणून.”

मला इतका संताप आला, की मी दोन पावलं लांब जाऊन परत आले. “आणि ते बाजूचं तू बघ, मी समोरचं बघतो? ट्रकचे खडे? उसाची कांडी? मला खुळी समजून दोन वर्षं ओरडायला लावलंत?”

“नाही गं.” ह्यांनी मान वर केली. “सुरुवातीला ते खरंच गाडीसाठी होतं. तिच्यावर ओरखडा येऊ नये म्हणूनच जपत होतो. मग हळूहळू ते माझ्यासाठी झालं. सावकाश चालवायचं, अंधारात काढायची नाही, गर्दीच्या रस्त्याने न्यायची नाही, सगळं गाडीच्या नावावर खपत गेलं. कधी एकाचं दुसरं झालं ते मलाच कळलं नाही, रत्ना.”

द्राक्षाच्या बागेत कुणीतरी औषध फवारत होतं. त्याच्या पंपाची घरघर तेवढी येत होती.

“उद्याचा एक दिवस,” हे म्हणाले. “कार्यालयापासून जयसिंगपूरपर्यंत. दुपारची वेळ, सरळ रस्ता. तू शेजारी आहेसच. तू सांगत जा, मी चालवतो. त्यानंतर पुन्हा हात लावणार नाही. पोरीला शब्द दिलाय मी.”

“मागच्या सीटवर पोरगीच असणार आहे.”

मी हात पुढे केला.

“किल्ली द्या.”

“तुला जमणार नाही. हिचा गिअर स्टिअरिंगवर आहे.”

“मला लायसन्स आहे. पुण्याला पोराकडे गेले की अभयची गाडी मीच चालवते.”

“ती वेगळी. हिचा क्लच...”

“किल्ली.”

त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली, पण बोटं लगेच सोडवली नाहीत.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या स्टिअरिंगमागे बसले. सीट पुढे सरकवताना ह्यांनी डावीकडून वाकून कुठला खटका दाबायचा ते दाखवलं. मग गिअरच्या दांडीवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला. “आपल्याकडे ओढ. आता खाली. क्लच अर्धाच सोड. थांब. तिला ऐक.” गाडीने एक गचका दिला, बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. मजूर हसत होते. तिसऱ्या वेळी ती निघाली.

कुणाला काही ओरडून सांगायचं नव्हतं, तरी डावीकडे काही दिसलं की माझं तोंड आपोआप उघडायचं. एका खड्ड्यात चाक सपशेल गेलं आणि आम्ही दोघंही जागेवरून उडालो.

“तो खड्डा होता,” हे म्हणाले.

“होता.”

तासगाव येईपर्यंत मी तसे अजून दोन गाठले.

मिरजेत दादांच्या दारात पोचलो तेव्हा हळद उरकत आली होती. मला स्टिअरिंगमागून उतरताना पाहून दादा म्हणाले, “हे काय नवीन?” मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, “हौस तिची.” सगळे हसले. मीही हसले, आणि मनातून जळफळले.

संध्याकाळी जिन्याखाली एकट्या ह्यांना गाठलं. “आजच्या आज दादांना सांगा. नाहीतर मी सांगते.”

“सांगतो.”

पण जेवणं झाली, पाहुणे झोपले, हे काही बोलले नाहीत. सकाळीही नाही. लग्न लागलं, अक्षता पडल्या, माझं लक्ष कशातच नव्हतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि मी पर्स क्षणभरही काखेतून काढत नव्हते. पंगतीत वाढताना कुणीतरी म्हणालं, ती ठेवा की बाजूला, तर मी उगाच वसकन अंगावर गेले. तिकडे कार्यालयाच्या दारात गाडी सजत होती आणि हे मुलांना सांगत होते, “चिकटपट्टी लावायची नाही, रंग निघतो. सुती दोऱ्याने बांधा झेंडूच्या माळा.” बॉनेटवरचा बुरखा काढून ठेवला होता. गाडी उन्हात झळाळत होती. ह्यांचा चेहराही तसाच दिसत होता. मी सांगितलं तर भर मांडवात ह्यांची शोभा करणार. नाही सांगितलं तर? डोळ्यांसमोर सारखं ते तांबडं निशाण यायचं.

पाठवणीची वेळ झाली. रुचिराने आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. वहिनींना कुणीतरी धरलं होतं. नवरा-नवरी मागच्या सीटवर बसली. जयसिंगपूरकरांच्या गाड्या मागे रांगेने उभ्या, हॉर्न वाजताहेत. दादा डोळे पुसत म्हणाले, “भूपाल, घे रे बाबा गाडी.”

हे उजव्या दाराशी गेले. उलटं उघडणारं ते दार त्यांनी उघडलं आणि माझ्याकडे हात केला.

“किल्ली.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी पर्समध्ये हात घातला, किल्ली मुठीत धरली, आणि तो हात बाहेर काढलाच नाही.

“अगं, दे ना,” दादा म्हणाले. “लोक खोळंबलेत.”

“नाही,” मी म्हटलं.

“नाही म्हणजे?”

मी ह्यांच्याकडे नुसती पाहत राहिले. समोर होते मी, अगदी समोर. तिथलं त्यांना दिसत होतं. मग ह्यांनी पुढे केलेला हात खाली घेतला. दाराला धरून एकदा खाकरले.

“दादा, गाडी ही चालवेल.”

“का? बरं नाही तुला?”

“मला काचबिंदू झालाय. दोन्ही बाजूंचं दिसत नाही. काल वाटेत एक बाई माझ्या गाडीखाली येता येता वाचली.” साइटवर मुकादमाला हिशेब विचारावा अशा कोरड्या आवाजात त्यांनी ते सांगितलं. “पोरीला घेऊन मी चालवणार नाही.”

मागचे हॉर्न वाजतच होते. दादांनी पुढे येऊन धाकट्या भावाच्या दंडाला धरलं, जसं रस्ता ओलांडताना लहान मुलाला धरतात. रुचिरा रडायची थांबली होती. खिडकीतून डोकं बाहेर काढून तिने मला विचारलं, “काकू, पण तुला येते ना नीट?”

“येते,” मी म्हटलं. “कालपासून.”

त्यावर वहिनींना रडता रडता हसू फुटलं.

हे दादांचा हात सोडवून गाडीला पुढून वळसा घालून गेले, बॉनेटवरून हात फिरवत, आणि डावीकडे बसले. मी गाडी सुरू केली. ती बंद पडली नाही. जयसिंगपूरपर्यंत हे इंजिनाकडे कान लावून बसले होते. मी गिअर बदलायला उशीर केला की त्यांचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा खाली जायचा, एवढंच. उतरताना रुचिरा आधी त्यांच्या पाया पडली, मग माझ्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कराडला परतलो नाही. हे स्वतःहून म्हणाले, “डॉक्टरकडे जाऊ. तू आत चल.” डॉक्टरांनी माझ्यासमोर एक गोल मशीन लावून तपासलं आणि कागदावर एक वर्तुळ काढून दाखवलं, ह्यांना किती दिसतं ते. चहाच्या बशीएवढं होतं. “गेलेलं परत येणार नाही,” ते म्हणाले. “उरलेलं सांभाळता येईल. पण थेंब चुकवून चालणार नाही, आणि गाडी तर नाहीच.”

“ती आता ही चालवते,” ह्यांनी लगेच सांगितलं. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

परतताना मी हायवे धरला. पेठनाक्याच्या पुढे एक खडीचा ट्रक लागला, वर ताडपत्री नव्हती. माझा पाय आपोआप सैल झाला, आणि आमच्यात नि ट्रकमध्ये चांगलं लांबलचक अंतर पडलं. मागच्या गाड्या हॉर्न देत पुढे निघाल्या.

“का हळू केलीस?”

“पुढे खडीचा ट्रक आहे. बॉनेटवर बुरखा घातलेला नाही.”

हे जरा वेळ समोर पाहत राहिले, तेवढ्या बशीएवढ्या जागेतून. मग त्यांनी खिडकीची काच खाली केली. वारा आत आला.

“बाजूने मोकळं आहे का?”

मी आरशात पाहिलं. “आहे.”

“मग घाल पुढे,” हे म्हणाले. “उडू देत उडाले तर.”

मी दांडी ओढली, पाय दाबला. ट्रकच्या बरोबरीला आलो तेव्हा दोन खडे टणटण वाजले, कुठे लागले ते पाहायला मी वळले नाही. ह्यांचा हात दाराच्या कडेवर होता. आणि ते, इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं असं, शीळ घालत होते.